सामान लादलं की गाडी डोलते, हँडल थरथरतं: कोनसेट उघडण्याआधी काय काय बघायचं

साताऱ्याजवळ हायवेला लागून माझं छोटं गॅरेज आहे. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत पुण्याहून गोव्याला, कोल्हापूरला, पुढं बंगळूरला निघालेल्या टूरिंगच्या गाड्या रोज समोरून जातात, आणि त्यातली एखादी आत वळते. हेल्मेट पूर्ण निघायच्या आधीच वाक्य येतं, "दादा, हँडल हलतंय." पाठोपाठ दुसरं, "कोनसेट गेला असणार, टाईट करून द्या."

कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग. तो कधीकधी खरंच गेलेला असतो. पण हीच गाडी सामान उतरवून, हवा बघून मी आनेवाडी टोलनाक्यापर्यंत नेऊन आणली की बऱ्याचदा रुळावर चालल्यासारखी चालते. म्हणजे दोष गाडीत कमी आणि आपण तिच्यावर जे बांधलंय त्यात जास्त. म्हणून खालचा क्रम पाळा. फुकटचं आधी, पाना लागेल ते नंतर, पैसे लागतील ते सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी त्याच रस्त्यावर फिरवून बघा. हवा, सामान, चेन सगळं एकदम केलं तर गाडी सुधारेल, पण कशामुळं सुधारली ते कळणार नाही, आणि पुढच्या ट्रिपला पुन्हा माझ्याकडं याल.

आधी लक्षण ओळखा

"हँडल हलतंय" या एका वाक्यात चार-पाच वेगळे आजार लपलेले असतात.

पहिला म्हणजे थरथर. वेग साधारण ६० ते ८०, ॲक्सिलरेटर सोडलाय, पकड सैल आहे आणि हँडल डावी-उजवीकडं भराभर फडफडायला लागतं. सेकंदाला पाच-सात वेळा, कधी त्याहून जास्त. घट्ट धरलं की थांबतं, म्हणून लोक महिनोन्‌महिने तशीच चालवतात. हे पुढच्या चाकाचं दुखणं आहे, पण त्याला खतपाणी बऱ्याचदा मागच्या डिकीतून मिळतं.

दुसरं डोलणं. वेग ९०-१०० च्या पुढं, आणि सगळी गाडीच मासोळीसारखी वळवळते. हे संथ असतं, सेकंदाला दोन-तीन हेलकावे. हँडल हातात शांत असतं, मागचा भाग मात्र बाजूला जाऊन परत येतो. लांबलचक वळणावर, पुलावरच्या आडव्या वाऱ्यात, ट्रकला ओलांडताना वाढतं. वेग वाढवला की आणखी वाढतं. हे मागच्या बाजूचं दुखणं: वजन, मागचा टायर, मागचा शॉकअप, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश.

तिसरं, हळू वेगातसुद्धा गाडी सरळ जात नाही, दारू प्यायल्यासारखी इकडून तिकडं जाते, आणि हँडल बरोबर मध्यावर आलं की अडकल्यासारखं होतं. हा मात्र कोनसेटच.

बाकीच्या दोन तक्रारी या लेखातल्या नाहीत. फक्त ब्रेक दाबल्यावर हँडल धडधडत असेल तर आधी डिस्क वाकडी आहे का बघा. आणि कुठल्याही गिअरमध्ये ठराविक आरपीएमलाच हाताला मुंग्या येत असतील तर ती इंजिनची थरथर आहे. बुलेटवाल्यांना सांगायची गरज नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. थरथर आहे की नाही हे बघायला हायवेवर दोन्ही हात सोडू नका. हात सोडल्यावर ती सुरू झाली आणि वाढली, तर परत हँडल पकडायला जमेलच असं नाही. तळवे नुसते टेकवून ठेवले तरी पुरेसं कळतं. चालत्या गाडीत सुरू झालंच तर ब्रेक जोरात दाबू नका. ब्रेकनं वजन पुढच्या चाकावर येतं आणि थरथर भडकते. गुडघ्यांनी टाकी आवळा, खांदे सैल सोडा, जरा पुढं वाका आणि ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करा. वेग उतरला की ती आपोआप मरते.

सामान उतरवून फेरी

पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते. डिकी, साईड बॉक्स, टँक बॅग, मागं बांधलेला तंबू सगळं काढा. त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, शक्यतो त्याच दिशेनं जाऊन या. दिशा का, तर वारा. येताना पाठीवर असलेला वारा जाताना तोंडावर असतो, आणि माणूस समजतो गाडी सुधारली.

मोकळी गाडी सरळ चालली तर दोष वजनात, हवेत किंवा शॉकअपच्या सेटिंगमध्ये. मोकळी गाडीही हलली तर सामानाचा भाग सोडून थेट टायरच्या तपासणीवर जा. मात्र हवा दोघांनीही बघायची.

हवा

हवा टायर थंड असताना बघायची, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. चाळीस किलोमीटर पळवून पंपावर बघितली तर तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, मग पोरगा हवा काढतो आणि तुम्ही कमी हवेवर पुढं जाता. पंपावरच्या मशीनवर फार विसंबू नका. दोन शेजारच्या पंपांवरची मशीनं मला क्वचितच एक आकडा दाखवतात. तीन-चारशे रुपयांचा खिशातला गेज घ्या. तो अर्धा पीएसआय चुकला तरी चालेल, रोज सारखाच चुकला म्हणजे झालं.

आकडा कुठला? चिमट्यावर किंवा चेनकव्हरवर स्टिकर असतो, नाहीतर मॅन्युअलमध्ये. त्यात एकट्याचा आणि डबल सीटचा आकडा वेगळा असतो. भरलेले बॉक्स म्हणजे डबल सीटच धरा. मागच्या टायरमध्ये हवा कमी असली की त्याची बाजूची भिंत प्रत्येक हेलकाव्याला दबते आणि सुटते, स्प्रिंगसारखी. डोलणं तिथूनच सुरू होतं.

आता लडाखवाल्यांसाठी. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात परतलेली एखादी तरी गाडी हीच तक्रार घेऊन येते, "जाताना छान होती, येताना चंदीगडपासून डोलते." कारण साधं आहे. गेज दाखवतो तो टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब साधारण १४.७ पीएसआय, तर मनाली-लेह रस्त्यावरच्या मोरे मैदानावर, पावणेपाच हजार मीटरच्या आसपास, तो आठ-सव्वाआठवर येतो. म्हणजे हात न लावता गेज वर सरकतो. थंडीमुळं त्यातलं बरंचसं परत उतरतं, पण उन्हात दोन तास चाललेल्या टायरला आकडा जास्त दिसतो. त्यात खडीचा रस्ता असतो, म्हणून माणूस हवा सोडून २५ वर आणतो. तिथं ते ठीकच आहे. तोच टायर खाली मैदानात आला की गेजवर त्याहून बरंच कमी उरतं. आणि तिथून पुढं दीड-दोन हजार किलोमीटर हायवे, तोही सगळं सामान बांधून. खाली उतरल्यावर पहिल्या पंपावर हवा भरायची एवढंच काम होतं.

सामान: किती, त्यापेक्षा कुठं

इथं जरा थांबतो, कारण खरी गोम इथंच आहे.

लांब पल्ल्यासाठीच बनवलेली मोठी गाडी बघा. होंडा गोल्डविंगचे साईड बॉक्स गाडीच्या अंगात बसवलेले, खालच्या बाजूला, मागच्या चाकाला चिकटून. तिचा व्हीलबेस १,६९५ मिलिमीटरच्या आसपास. आपली रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ घ्या, व्हीलबेस १,४६५. जवळजवळ पाव मीटर कमी. गाडी चांगलीच आहे, खडकाळ रस्त्यासाठी तिला आखूडच असायला हवं. पण आपण काय करतो? तिच्यावर लोखंडी रॅक, दोन ॲल्युमिनियमचे बॉक्स, शेपटीवर डिकी आणि डिकीवर तंबू चढवतो, आणि वर गोल्डविंगसारखी चाल मागतो.

वजन गाडीच्या मध्यापासून जितकं लांब, तितकं ते गाडीला हेलकावे देतं, आणि हे सरळ प्रमाणात नसतं. अंतराच्या वर्गात वाढतं. समजा पाच किलोची टूल बॅग टँकवर आहे, गाडीच्या मध्यापासून चाळीस सेंटिमीटरवर. तीच उचलून शेपटीच्या डिकीत टाकली, मीटरभर लांब. अंतर अडीचपट झालं, पण शेपूट हलायला लागल्यावर तिला थांबवणं सव्वासहा पट जड झालं. बॅग तीच, किलो तेच.

मागच्या एक्सलच्याही मागं ठेवलेलं वजन आणखी एक करतं, पुढचं चाक हलकं करतं. तराजूसारखं. एक्सलच्या तीस सेंटिमीटर मागं बारा किलो असले की पुढच्या चाकावरचे सुमारे अडीच किलो उचलले जातात. ऐकायला काहीच नाही, पण मागची बाजू दबल्यामुळं पुढचा शॉकअपही जास्त तिरका होतो, आणि वर डिकीची पत्रा-भिंत वारा अडवत असते.

मागच्या डिसेंबरात चिंचवडहून एक काका आले. मागं काकू, शेपटीला मोठी डिकी. ९० ला गाडी डोलते. पुण्यात एकदा कोनसेट बदलून झालेला. मी डिकी उघडली. आत दोन लिटरच्या तीन पाण्याच्या बाटल्या, पंक्चर किट, हवेचा पंप, चेनची साखळी कुलपासकट, आणि स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू. हुकाच्या काट्याला लटकवलं तर साडेचौदा किलो. रॅकच्या पट्टीवर मात्र ठळक अक्षरांत छापलेलं, कमाल पाच किलो. काका म्हणाले, "ते काय, कंपनीवाले लिहितातच." काकू म्हणाल्या, "मी म्हणतच होते, पाणी वाटेत मिळतं." पाणी, साखळी आणि पंप साईड बॉक्सच्या तळाला गेले, लाडू टँक बॅगेत. डिकीत रेनकोट आणि स्वेटर राहिले. मी पाना उचललाच नाही. संध्याकाळी कोल्हापुरातून फोन आला की गाडी एकदम शांत. लाडू टँक बॅगेत असल्यानं वाटेत संपले, हेही सांगितलं.

तर जड ते खाली आणि पुढं, हलकं आणि फुगीर ते वर आणि मागं. दोन्ही बाजूंचे बॉक्स हुकाच्या काट्यानं तोलून एक-दोन किलोच्या फरकात आणा. सायलेन्सरच्या बाजूचा बॉक्स बाहेर जास्त येतो, त्यामुळं जरा हलका तोच ठेवा. मग बॉक्स हातानं धरून जोरात हलवा. गाडी हलली पाहिजे, बॉक्स नाही. रॅकचे नट ढिले असतील, किंवा बॉक्स त्याच्या कुलपात खडखडत असेल, तर प्रत्येक हेलकाव्याला तो जरा उशिरा येऊन गाडीला धक्का देतो. झोक्याला मागून धक्का द्यावा तसा.

हँडलवर काय काय लावलंय तेही बघा. उंच काच, जॅमर, दोन फॉगलाईट, मोबाईलचा लांब दांडा. गाडीच्या बॉडीवर बसवलेली काच वारा बॉडीला देते. हँडलवर बसवलेली काच तोच वारा थेट हँडलला देते. काच काढून एक फेरी मारा. फरक पडला तर उत्तर मिळालं.

मागच्या शॉकअपचा प्रीलोड

प्रीलोड म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची. टूरिंगच्या गाडीबरोबर यासाठी हुकाचा पाना मिळतो, आणि तो सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच बंद सापडतो. एकट्यासाठी ठेवलेल्या सेटिंगवर दोन माणसं आणि तीस किलो सामान चढलं की मागची बाजू बसते, पुढची वर येते, आणि वर सांगितलेलं सगळं घडतं.

मोजायला टेप आणि एक मदतनीस लागतो. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक हवेत. एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत अंतर मोजा. मग गाडी उतरवा, सामान बांधा, दोघं बसा, पाय फूटरेस्टवर, आणि तिसऱ्यानं तेच अंतर मोजावं. दोन्हीतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हवा. हिमालयन ४११ च्या मागच्या चाकाची हालचाल १८० मिलिमीटर, म्हणजे साठच्या जवळपास. ऐंशी-नव्वद आलं तर प्रीलोड वाढवा. शेवटच्या खाचेपर्यंत नेऊनही बसत असेल तर एकतर स्प्रिंग थकलीय किंवा सामान जास्त आहे. आधी सामान तपासा, स्प्रिंगला पैसे पडतात. शॉकअपच्या दांडीवर तेलाचे ओघळ असतील तर प्रीलोडनं काही होणार नाही, तो आतून गेलाय.

टायर आणि रिम

पुण्या-मुंबईत रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध झिजून सपाट होतो, पाटासारखा. शहरात कळत नाही. हायवेच्या लांब वळणावर मात्र गाडी त्या सपाटीच्या कडेवर चढते आणि उतरते, आणि तेच डोलणं वाटतं. पुढच्या टायरवरून तळवा आधी पुढं आणि मग मागं फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखा लागला तर त्याची झीज उंचसखल आहे, आणि ६०-७० ची थरथर बहुधा त्याचीच. हे हातालाच कळतं, डोळ्याला नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून सात वर्षांचा कडक झालेला टायर घालून लेहला जाणारे मी बघितलेत. बाण फिरण्याच्या दिशेनं आहे ना तेही बघा. पंक्चरवाल्यानं घाईत उलटा बसवलेला टायर हा काही दुर्मीळ प्रकार नाही.

नुकतंच पंक्चर काढलं असेल तर आणखी एक. टायर रिमला जिथं मिळतो तिथं रबरावर बारीक गोल रेघ असते. ती रिमपासून सगळीकडं सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी आत बुडाली असेल तर टायर पूर्ण बसलेला नाही. हवा काढा, कडेला साबणाचं पाणी लावा आणि परत भरा. दहा मिनिटांचं काम, आणि यासाठी बदललेले कोनसेट मी पाहिलेत.

स्पोकवाली रिम असेल तर चाक हवेत ठेवून प्रत्येक स्पोकवर छोट्या पान्यानं टिचकी मारत जा. ताठ स्पोक टण् वाजतो, ढिला ठप् वाजतो. डोळे मिटून ऐकलं तर चटकन कळतं. मग चिमट्याला किंवा शॉकअपला एक पेन चिकटपट्टीनं बांधा, टोक रिमच्या जवळ, आणि चाक फिरवा. अंतर दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-जास्त झालं तर रिम आऊट आहे. स्पोक आपल्या मनानं आवळत बसू नका. एक आवळला की बाकीच्यांचा ताण बदलतो आणि तासाभरात रिम अंड्यासारखी होते. आऊट काढणारा माणूस वेगळा असतो, त्याच्याकडं द्या.

चाकं एका रेषेत आहेत का

चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या खुणा स्वतःच बरोबर असतीलच असं नाही. लांब दोरा घ्या. मागच्या टायरभोवती मागून वळसा घालून दोन्ही टोकं पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी पुढं न्या, जमिनीपासून साधारण वीतभर उंच. दोरा मागच्या टायरच्या पुढच्या कडेलाही जेमतेम टेकला पाहिजे. आता हँडल सरळ करा आणि पुढच्या टायरपासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंनी बघा. मागचा टायर रुंद असल्यानं फट राहणारच, ती फक्त सारखी हवी. नसेल तर एक्सलचा नट ढिला करून ॲडजस्टर पाव-पाव फेरा फिरवा. चेन जास्त आवळू नका. सामान चढल्यावर ती आणखी ताणते.

बेअरिंग, बुश आणि अखेर कोनसेट

इथून पुढं गाडी नीट उभी करता आली पाहिजे. डबल स्टँड नसेल आणि विटांवर तोलायचा विचार असेल, तर थांबा. दोनशे किलोची गाडी पायावर पडण्यापेक्षा गॅरेजचे पैसे स्वस्त.

चाक हवेत असताना वर आणि खाली पकडून बाजूला हलवा. टकटक लागली तर चाकाचं बेअरिंग. मागचं चाक डाव्या-उजव्या बाजूला ढकला. टकटक चाकातून न येता फूटरेस्टच्या जवळून, चिमट्याच्या मुळातून आली तर बुश. नुसतं एका हातानं ढकलून कळत नाही. दुसरा हात चिमट्याच्या सांध्यावर ठेवा, खेळ बोटाला लागतो. पावसाळ्यात कोकणातून फिरणाऱ्या आणि ग्रीस न लागलेल्या गाड्यांत हे हमखास.

आता कोनसेट. पुढचं चाक वर उचलून हँडल एका बोटानं अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. मधोमध 'टक्' करून बसल्यासारखं वाटलं तर आतल्या वाटीत गोळ्यांचे खड्डे पडलेत. मग आवळून उपयोग नाही, बदलावा लागेल. टक् नाही, पण शॉकअपची खालची टोकं पुढं-मागं ओढल्यावर खेळ जाणवतो, तर कोनसेट ढिला आहे.

कोनसेटला एवढं महत्त्व का, तर ट्रेलमुळं. हँडल ज्या नळीत फिरतं तिच्या मधून तिरकी रेषा खाली रस्त्यापर्यंत काढा. ती टायर टेकतो त्याच्या पुढं पडते. या दोन ठिकाणांतलं अंतर म्हणजे ट्रेल, बहुतेक गाड्यांत ९० ते १२० मिलिमीटर. त्यामुळं चाक हँडलच्या मागं ओढलं जातं आणि आपोआप सरळ होतं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं छोटं चाक आठवा. सरळ तेही होतं, पण त्याचा सांधा ढिला असला की ढकलताना कसं फडफडतं! तुमच्या पुढच्या चाकाचं तेच होतं.

पण म्हणून करकचून आवळणं हा इलाज नाही, आणि हायवेवरच्या घाईत नेमका तोच केला जातो. अती आवळलेल्या कोनसेटनं ७० ची थरथर दबते, गिऱ्हाईक खूश होतं, पैसे देतं. पण गाडीला आता सरळ राहण्यासाठी लागणाऱ्या बारीक-बारीक दुरुस्त्या स्वतःहून करता येत नाहीत. ९० च्या पुढं ती डोलायला लागते, आणि गोळ्या वाटीत रुतून महिन्या-दोन महिन्यांत खड्डे पाडतात. बरोबर आवळलेला म्हणजे खेळ नाही, आणि बोटानं ढकलल्यावर हँडल स्वतःच्या वजनानं कडेला पडतं.

स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलचे झटके शोषणारा शॉकअप, बसवून देणारेही भेटतील. रेसच्या गाडीवर त्याला जागा आहे. टूरिंगच्या गाडीत मूळ कारण न शोधता लावला तर तो फक्त लक्षण झाकतो.

इथं हात थांबवा

टॉर्क पाना (नट किती आवळला ते दाखवणारा) नसेल तर एक्सल, चिमट्याचा बोल्ट आणि हँडलचा टी (पुढचे शॉकअप धरणारी पट्टी) उघडू नका. कोनसेट घालताना जुन्या वाट्या ठोकून काढाव्या लागतात, नव्या सरळ बसवाव्या लागतात. एक वाटी तिरकी बसली तर नवा सेटही आठवड्यात जातो. एबीएसची गाडी असेल तर चाक काढताना सेन्सर आणि त्याची वायर सांभाळावी लागते.

गाडी चालवतच न्यायची नाही, टेम्पोत घालून न्यायची, अशा गोष्टी मोजक्याच: हँडलच्या नळीजवळ फ्रेमचा रंग तडकलेला किंवा गंजाची बारीक रेघ, शॉकअपच्या नळीला वाक, चिमट्याचा वेल्ड फाटलेला, टायरच्या बाजूला फुगा. आणि गाडी कधी पडली किंवा ठोकली असेल आणि तेव्हापासून मोकळीसुद्धा हलत असेल, तर फ्रेम आणि शॉकअपची सरळता जिगवर मोजणाऱ्याकडंच न्या. डोळ्यानं कळत नाही, माझ्याही नाही. तोपर्यंत मागं कुणाला बसवू नका.

मेकॅनिककडं गेलात की नुसतं "हँडल हलतंय" म्हणू नका. कागदावर लिहून न्या: किती वेगाला, ॲक्सिलरेटर सोडल्यावर की दिल्यावर, हँडल की सगळी गाडी, मोकळी हलते की भरलेली, दोन्ही टायरमध्ये थंड हवा किती, प्रीलोड कितव्या खाचेवर, आणि यातलं काय काय बदलून बघितलं. कोनसेट बदलला तर जुन्या वाट्या परत मागा आणि उन्हात धरून बघा. गोळ्यांचे ठसे दिसले तर बदल बरोबर होता. वाटी आरशासारखी चकचकीत असेल तर गाडी ताब्यात घेण्याआधी सगळं सामान परत बांधा, मेकॅनिकला मागं बसवा आणि त्याच रस्त्यावर एक फेरी मारून आणा.